अमेरिकेतले बेकायदा स्थलांतरित आणि इमर्जन्सी उपचारांचा खर्च: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत निवडणूक आली, बजेट अडलं किंवा सरकार ठप्प झालं की हा वाद हमखास उसळी मारतो. बेकायदा आलेल्यांच्या औषधपाण्याचा खर्च टॅक्स भरणाऱ्यांनी का उचलायचा, हा एका बाजूचा सवाल. मरणाच्या दारात असलेल्याला व्हिसा विचारायचा का, हा दुसऱ्या बाजूचा. इथल्या मराठी घरांतही यावर तावातावाने बोललं जातं, आणि बरेचदा दोन्हीकडची मंडळी अर्धवट माहितीवर भांडतात. मी हॉस्पिटलच्या बिलिंगचं काम करते, त्यामुळे ओळखीतले लोक हे प्रश्न माझ्याकडे घेऊन येतात. त्यांतले नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. जिथे माझं स्वतःचं मत आहे, तिथे ते मत म्हणूनच सांगितलं आहे.

हॉस्पिटल इमर्जन्सीत कुणालाच नाकारू शकत नाही, हे खरं का?

जवळजवळ खरं. १९८६ साली, रेगन अध्यक्ष असताना, ‘एम्टाला’ नावाचा कायदा झाला. मेडिकेअरचे (मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचे) पैसे घेणाऱ्या आणि इमर्जन्सी विभाग चालवणाऱ्या प्रत्येक हॉस्पिटलला तो लागू आहे, म्हणजे देशातल्या बहुतेक सगळ्याच. दारात आलेल्या माणसाला तपासायचं. जिवाला धोका असेल तर प्रकृती स्थिर होईपर्यंत उपचार करायचे. बाईला कळा सुरू झाल्या असतील तर बाळंतपण करायचं. खिशात पैसे आहेत का, इन्शुरन्स आहे का, माणूस कुठल्या देशाचा, याने काही फरक पडत नाही.

प्रत्यक्षात हे असं चालतं. माणूस आत आला की नाव, जन्मतारीख आणि काय होतंय, एवढंच आधी लिहून घेतात. नर्स नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन बघते. इन्शुरन्स कार्ड मागणारी क्लार्क चाकांच्या स्टँडवरचा कॉम्प्युटर ढकलत खाटेपाशी येते ती बहुधा डॉक्टरांनी बघून गेल्यावर, कारण पैशांच्या चौकशीपायी तपासणी लांबली तर तो कायद्याचा भंग ठरतो. दंड एक लाख डॉलरच्या वर जाऊ शकतो. पण हॉस्पिटलं खरी घाबरतात ती मेडिकेअरमधून बाहेर काढलं जाण्याला. ते झालं तर हॉस्पिटलला टाळंच लागेल.

‘जवळजवळ’ म्हटलं ते अशासाठी, की हा कायदा प्रकृती स्थिर करण्यापुरताच आहे. हार्ट अटॅक आवरतील, पण त्यानंतर जन्मभर लागणाऱ्या गोळ्यांची जबाबदारी त्यात नाही. गाठ सापडली तर सांगतील, केमोथेरपी देतीलच असं नाही. या प्रश्नाची सगळी गुंतागुंत इथूनच सुरू होते.

हा कायदा बेकायदा स्थलांतरितांसाठी केला होता का?

नाही. तो केला गरीब अमेरिकन लोकांसाठी. १९८०च्या दशकात खासगी हॉस्पिटलं इन्शुरन्स नसलेल्या रुग्णांना ॲम्ब्युलन्समध्ये घालून सरकारी हॉस्पिटलात पाठवून देत. शिकागोच्या कुक काउंटी हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी अशा पाठवलेल्या ४६७ रुग्णांचा अभ्यास १९८६ मध्ये प्रसिद्ध केला. ८७ टक्के रुग्ण पाठवण्याचं कारण एकच होतं: इन्शुरन्स नाही. त्यांतले बहुतेक कृष्णवर्णीय किंवा हिस्पॅनिक होते, आणि कित्येकांची प्रकृती हलवण्यासारखीही नव्हती. त्यावरून संताप उसळला आणि काँग्रेसने (अमेरिकेच्या संसदेने) कायदा केला.

मग या उपचारांचे पैसे कोण देतं?

काँग्रेसने ‘उपचार करा’ म्हटलं, पण एम्टालासोबत एक डॉलरही दिला नाही. पुढचे सगळे तंटे या एका गोष्टीतून निघालेले आहेत.

पैसे येतात ते चारपाच वाटांनी. काही रुग्ण स्वतः हप्त्याहप्त्याने फेडतात, आणि असे लोक बाहेर वाटतं त्याहून बरेच जास्त असतात. काही खर्च ‘इमर्जन्सी मेडिकेड’मधून निघतो (मेडिकेड म्हणजे केंद्र आणि राज्यांची गरिबांसाठीची आरोग्य योजना). काही काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, तिजोरीतून: ह्यूस्टनचं बेन टॉब हॉस्पिटल चालवणाऱ्या हॅरिस काउंटीच्या हॉस्पिटल डिस्ट्रिक्टला प्रॉपर्टी टॅक्सचा पैसा मिळतो. उरलेला खर्च हॉस्पिटल चॅरिटी म्हणून सोडून देतं किंवा बुडीत खाती टाकतं, आणि मग इन्शुरन्स कंपन्यांशी दर ठरवताना ती तूट थोडीफार भरून काढायचा प्रयत्न करतं.

मध्यंतरी वॉशिंग्टनने, म्हणजे केंद्र सरकारने, थेट मदत केलीही होती. २००३ च्या मेडिकेअर कायद्यात, कागदपत्रं नसलेल्यांच्या इमर्जन्सी उपचारांसाठी २००५ ते २००८ अशी चार वर्षं दरसाल २५ कोटी डॉलर ठेवले होते. दोन तृतीयांश रक्कम राज्याराज्यांतल्या अशा लोकांच्या संख्येनुसार, आणि एक तृतीयांश जास्तीत जास्त धरपकड होणाऱ्या सहा राज्यांना. ती तरतूद संपली, नियम राहिला.

इमर्जन्सी मेडिकेड म्हणजे बेकायदा आलेल्यांना मेडिकेड मिळतं असंच ना?

नाही, आणि हा गैरसमज सगळ्यात जास्त आढळतो. मेडिकेड म्हणजे कार्ड, फॅमिली डॉक्टर, औषधं, वार्षिक तपासण्या. बेकायदा राहणाऱ्याला यातलं काहीही केंद्राच्या पैशातून मिळत नाही, १९९६ च्या कायद्याने तर स्पष्ट बंदी आहे. इमर्जन्सी मेडिकेड एकेका प्रसंगापुरतं असतं. प्रसूती झाली, अपघात झाला, अपेंडिक्स फुटलं, की हॉस्पिटल त्या प्रसंगाचे पैसे मागतं आणि पैसे हॉस्पिटललाच मिळतात. रुग्णाच्या हातात काही पडत नाही.

शिवाय इमिग्रेशनचं स्टेटस सोडून मेडिकेडच्या बाकी सगळ्या अटी पूर्ण कराव्या लागतात. टेक्ससमध्ये मेडिकेडच इतकं आकसलेलं आहे, की छपरावरून पडलेला एकटा, धडधाकट मजूर इमर्जन्सी मेडिकेडलाही पात्र ठरत नाही. तो खर्च हॉस्पिटलच्या माथी.

यातला सर्वात मोठा खर्च बाळंतपणाचा. नॉर्थ कॅरोलायनामधल्या २००१ ते २००४ च्या नोंदी तपासल्या तेव्हा ८२ टक्के खर्च प्रसूती आणि गरोदरपणातल्या अडचणींवर झालेला निघाला. जन्मलेलं मूल अमेरिकन नागरिक असतं, हे विसरू नये.

एकूण खर्च तरी किती?

कोण काय मोजतंय त्यावर अवलंबून. आकडा ऐकला की आधी विचारावं: हे छापील बिल आहे, हॉस्पिटलला पडलेला खरा खर्च आहे, की कुणीतरी प्रत्यक्ष दिलेले पैसे? अमेरिकेत या तीन रकमांचा एकमेकींशी फारसा मेळ नसतो. माझ्यासमोर रोज अशी बिलं असतात ज्यांत छापील रक्कम प्रत्यक्ष मिळणाऱ्या पैशांच्या तिप्पट-चौपट असते. टीव्हीवर मात्र मोठा आकडाच दिसतो.

प्रत्यक्ष दिलेल्या पैशांबद्दल बोलायचं तर आरोग्यधोरणाचा अभ्यास करणाऱ्या केएफएफ संस्थेच्या हिशेबात २०२३ साली केंद्र आणि राज्यं मिळून इमर्जन्सी मेडिकेडवर ३.८ अब्ज डॉलर खर्च झाले. एकूण मेडिकेडच्या ०.४ टक्के. देशाच्या पातळीवर हा खर्च डोलारा कोसळवणारा नाही, हे त्यावरून उघड आहे.

पण देशाची सरासरी सांगून सीमेवरच्या हॉस्पिटलचं तोंड बंद करू नये. ॲरिझोनातल्या यूमा या गावात एकच मोठं हॉस्पिटल. २०२१ च्या डिसेंबरपासून वर्षभरात स्थलांतरितांच्या उपचारांपोटी २ कोटी ६० लाख डॉलर थकल्याचं त्यांनी सांगितलं. एकट्या गावच्या हॉस्पिटलला ही रक्कम जीवघेणी आहे. सीमा राखणं, न राखणं वॉशिंग्टनच्या हातात. प्रसूतीचा आणि अतिदक्षता विभागाचा खर्च यूमाच्या माथी. त्यांची तक्रार शंभर टक्के रास्त आहे असं मला वाटतं.

उलट डेन्व्हरचं उदाहरण घ्या. तिथल्या डेन्व्हर हेल्थ या सार्वजनिक हॉस्पिटलची २०२३ मधली न मिळालेली रक्कम सुमारे १३ कोटी ६० लाख डॉलर होती, त्यातली नव्याने आलेल्या स्थलांतरितांवरची सुमारे १ कोटी. बातम्यांत त्या एका कोटीचीच चर्चा झाली. उरलेली रक्कम इतर गरीब, बेघर, इन्शुरन्स नसलेल्या रुग्णांवरची होती.

टेक्सस आणि फ्लोरिडाने तर मोजून दाखवलं ना?

हो, आणि मोजलं ते चांगलंच केलं. फ्लोरिडाने २०२३ च्या कायद्याने मेडिकेड घेणाऱ्या हॉस्पिटलांना प्रत्येक रुग्णाला स्टेटस विचारायला लावलं, टेक्ससने २०२४ च्या ऑगस्टमध्ये गव्हर्नरच्या आदेशाने. रुग्णाने उत्तर दिलंच पाहिजे असं नाही, आणि उत्तरावरून उपचार अडत नाहीत.

टेक्ससचा पहिला आकडा नोव्हेंबर २०२४ चा: एका महिन्यात १२ कोटी १८ लाख डॉलर, ३१ हजारांवर भेटी. आकडा मोठा आहे, झाकून उपयोग नाही. मात्र टेक्सस हे देशात सर्वाधिक टक्के लोक बिनइन्शुरन्स असलेलं राज्य आहे, सहातल्या एकाकडे इन्शुरन्स नाही, आणि तिथल्या सरकारने मेडिकेड वाढवायला सातत्याने नकार दिलेला आहे. फ्लोरिडात, उत्तर दिलेल्या रुग्णांत स्वतःला बेकायदा म्हणवणारे एक टक्क्याहूनही कमी निघाले. न सांगणारे त्याहून कितीतरी जास्त होते, तेव्हा तो आकडा तोकडा आहे असं विरोधक म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे.

ईआरमध्ये (इमर्जन्सी विभागात) आठ-आठ तास बसावं लागतं ते यांच्यामुळेच का?

नाही. ईआर तुंबतो तो मुख्यतः वरच्या मजल्यावर खाटा रिकाम्या नसल्यामुळे आणि नर्स कमी असल्यामुळे. दाखल करायचं ठरलेला रुग्ण खाली कॉरिडॉरमध्येच पडून राहतो आणि बाहेरच्या खुर्चीवरचा तिथेच अडकतो. बेकायदा राहणारे लोक सरासरीने वयाने तरुण आणि कामकरी असतात, आणि पकडलं जायच्या भीतीने हॉस्पिटल टाळतात. २०१८ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले तेव्हा स्थलांतरितांवरचा दरडोई आरोग्यखर्च अमेरिकेत जन्मलेल्यांच्या अर्धा ते दोन तृतीयांश इतकाच निघाला. कागदपत्रं नसलेल्यांचा त्याहूनही कमी.

ते टॅक्स तरी भरतात का?

बरेच जण भरतात. कुणी टॅक्ससाठीचा वेगळा नंबर काढून, कुणी खोट्या किंवा दुसऱ्याच्या सोशल सिक्युरिटी नंबरवर. पगारातून कापलेला पैसा जातोच. टॅक्स धोरणाचा अभ्यास करणाऱ्या आयटेप संस्थेच्या अंदाजाने २०२२ मध्ये त्यांनी एकूण ९६.७ अब्ज डॉलर टॅक्स भरला. त्यातले २५.७ अब्ज सोशल सिक्युरिटीचे आणि ६.४ अब्ज मेडिकेअरचे. या दोन्ही योजनांचा लाभ त्यांना, स्टेटस कायदेशीर झाल्याशिवाय, मिळत नाही.

तरीही ‘टॅक्स भरतात, मग प्रश्नच मिटला’ असं म्हणता येत नाही. टॅक्सचा मोठा भाग वॉशिंग्टनला जातो आणि शाळा, हॉस्पिटल, ॲम्ब्युलन्स यांचा खर्च पडतो गावावर आणि राज्यावर. दोन वेगळ्या तिजोऱ्या आहेत. म्हणूनच एकाच वेळी ‘यांच्यामुळे देशाचा फायदा’ म्हणणारा अर्थतज्ज्ञ बरोबर असू शकतो आणि ‘आम्ही बुडतोय’ म्हणणारा काउंटी कमिशनरही.

इमर्जन्सीपुरतेच उपचार दिले तर पैसे वाचत नाहीत का?

या प्रश्नावर थोडं थांबा, कारण माझ्या मते सगळ्या वादाचं मूळ इथे आहे.

किडनी निकामी झालेल्या माणसाचं उदाहरण घेऊ. त्याला आठवड्यातून तीनदा डायलिसिस लागतं. १९७२ च्या कायद्यामुळे अमेरिकन नागरिकाला, वय काहीही असो, बहुतेक वेळा मेडिकेअरमधून ते मिळतं. बेकायदा राहणाऱ्याला अनेक राज्यांत ते फक्त इमर्जन्सी म्हणून मिळतं. म्हणजे ठरलेल्या वाराला नाही. अंगात पाणी साचून, छातीत भरून, श्वास लागेपर्यंत थांबायचं. मग ईआरमध्ये यायचं. तिथे रक्त काढतात, ईसीजी काढतात. पोटॅशियम पुरेसं चढलं असेल तर मशीनला लावतात. नसेल तर घरी पाठवतात आणि दोन दिवसांनी हीच फेरी. आपल्याला परत पाठवू नये म्हणून मुद्दाम केळी खाऊन, संत्र्याचा रस पिऊन येणारे रुग्ण डॉक्टरांनी पाहिलेले आहेत. ज्या पोटॅशियमने हृदय बंद पडू शकतं, तेच वाढवून यायचं, कारण उपचार मिळायचा दुसरा रस्ताच नाही. हे लिहितानाही मला गलबलून येतं.

यात पैसे तरी वाचतात का? ह्यूस्टनमध्ये हिशेब मांडला गेला तेव्हा इमर्जन्सी डायलिसिसचा खर्च माणशी वर्षाला २,८४,६५५ डॉलर निघाला आणि ठरलेल्या वेळी दिलेल्या डायलिसिसचा ७६,९०६ डॉलर. जवळपास पावणेचार पट. डॅलसमधल्या २०१९ च्या अभ्यासात, ज्यांना नियमित डायलिसिस मिळालं त्यांच्यावरचा खर्च महिन्याला माणशी पाच हजार डॉलरहून जास्त कमी झाला, आणि वर्षभरात दगावण्याचं प्रमाण १७ टक्क्यांऐवजी ३ टक्के राहिलं. डेन्व्हर, ह्यूस्टन आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या रुग्णांची तुलना करणाऱ्या २०१८ च्या अभ्यासात, फक्त इमर्जन्सीत डायलिसिस मिळणाऱ्यांना पाच वर्षांत मृत्यूचा धोका चौदा पटींहून जास्त दिसला. कोलोरॅडोने हे वाचलं आणि २०१९ च्या फेब्रुवारीत नियमित डायलिसिसलाच इमर्जन्सी मेडिकेडमध्ये बसवलं. कायदा बदलावा लागला नाही, ‘इमर्जन्सी’ची व्याख्या राज्याने सुधारली एवढंच.

जर्मनीतही असंच दिसलं आहे. तिथे आश्रय मागणाऱ्यांना सुरुवातीचा ठरावीक काळ अगदी मोजकेच उपचार मिळतात. १९९४ ते २०१३ च्या आकडेवारीत, अशी बंधनं असलेल्यांवरचा दरडोई खर्च पूर्ण उपचार मिळणाऱ्यांपेक्षा सुमारे ४० टक्के जास्त होता.

सगळ्याच आजारांत असं होत नाही. रक्तदाबाच्या गोळ्या कित्येक लोकांना द्याव्या तेव्हा एखादाच स्ट्रोक टळतो, त्यामुळे वेळेवरचा उपचार नेहमी स्वस्तच पडतो असा दावा मी करणार नाही. पण किडनी, डायबेटिस, गरोदरपण या बाबतीत आजची व्यवस्था सर्वात महागडा दरवाजा तेवढा उघडा ठेवते, बाकीचे बंद करते, आणि मग बिल मोठं आलं म्हणून त्याच माणसावर चिडते.

मग त्यांना स्वतःच्या पैशाने इन्शुरन्स का घेऊ देत नाहीत?

ओबामाकेअरच्या (२०१० च्या आरोग्यविमा कायद्याच्या) मार्केटप्लेसवर, म्हणजे पॉलिसी विकत घेण्याच्या सरकारी बाजारात, त्यांना बहुतेक राज्यांत पूर्ण किंमत मोजूनही पॉलिसी घेता येत नाही. कायद्यातच तसं लिहिलंय. मार्केटप्लेसच्या बाहेर कंपनीकडून थेट घेता येते, पण सबसिडीशिवाय तो हप्ता शेतमजुराला किंवा हॉटेलात भांडी घासणाऱ्याला झेपत नाही. २०२३ च्या एका मोठ्या पाहणीत बेकायदा राहणाऱ्या प्रौढांपैकी निम्मे बिनइन्शुरन्स होते. अमेरिकेत जन्मलेल्यांत हे प्रमाण ८ टक्के.

काही राज्यांनी पूर्ण इन्शुरन्स देऊन पाहिला. काय झालं?

कॅलिफोर्नियाने टप्प्याटप्प्याने दिला आणि जानेवारी २०२४ पासून सगळ्या वयोगटांना खुला केला. खर्च अंदाजापेक्षा कितीतरी वाढला. बजेट अडचणीत आल्यावर जानेवारी २०२६ पासून प्रौढांची नवी नोंदणी थांबवली, आणि जुलै २०२७ पासून महिना ३० डॉलरचा हप्ता ठरला. इलिनॉयने ४२ ते ६४ वयोगटाची योजना जुलै २०२५ मध्ये बंद केली. मिनेसोटाने २०२५ संपताना प्रौढांसाठीची.

माझ्यासारख्या मताच्या लोकांनी हे नीट वाचायला हवं. केंद्राचा पैसा नसताना एकट्या राज्याने संपूर्ण कव्हर देणं टिकवणं अवघड आहे. डायलिसिससारख्या नेमक्या ठिकाणी बचत दाखवता येते, सरसकट नाही.

विरोध करणारे सगळे निर्दयी आहेत का?

मुळीच नाही. पंधरा-पंधरा वर्षं ग्रीन कार्डच्या रांगेत उभे असलेले, पगारातून महिन्याला शेकडो डॉलर इन्शुरन्सला देणारे आणि तरीही पाच हजारांचा डिडक्टिबल (इन्शुरन्सने पैसे द्यायच्या आधी खिशातून भरायची रक्कम) भरणारे आपलेच लोक जेव्हा विचारतात, ‘नियम पाळून आम्हाला काय मिळालं?’, तेव्हा त्यांच्या बोलण्यात न्यायाची मागणी असते. मला ती मान्य आहे. फक्त तो राग चुकीच्या खाटेकडे वळतोय. डिडक्टिबल पाच हजार केला तो ॲपेंडिक्स फुटलेल्या ग्वाटेमालाच्या मजुराने नव्हे.

मतदानातही हा राग दिसलेला आहे. १९९४ मध्ये कॅलिफोर्नियात ‘प्रपोझिशन १८७’ सुमारे ५९ टक्के मतांनी मंजूर झालं: बेकायदा राहणाऱ्यांना शाळा बंद आणि इमर्जन्सी सोडून बाकी सरकारी उपचारही बंद. कोर्टाने ते रोखलं. त्या प्रस्तावानेही इमर्जन्सीला हात लावला नव्हता.

हॉस्पिटलमध्ये गेलं की इमिग्रेशनला कळतं का?

हॉस्पिटल स्वतःहून कळवत नाही, तसं बंधनही नाही. पण २०२५ च्या जानेवारीत, हॉस्पिटल-शाळांमध्ये शक्यतो कारवाई न करण्याचं जुनं धोरण मागे घेतलं गेलं. जूनमध्ये मेडिकेडची माहिती गृहसुरक्षा खात्याला दिल्याचं उघड झालं, राज्यं कोर्टात गेली, आणि ती लढाई कोर्टात चालू राहिली. भीतीचा परिणाम आकड्यांत उतरतो. फ्लोरिडात स्टेटस विचारायला लागल्यापासून वर्षभराच्या आत तिथला इमर्जन्सी मेडिकेडचा खर्च निम्म्याहून खाली आला. कुणी याला यश म्हणतं. पण आजार कमी झाल्याचा त्यात कुठेच पुरावा नाही.

हॉस्पिटल अशा रुग्णाला परस्पर मायदेशी पाठवू शकतं का?

पाठवलेलं आहे. २००३ मध्ये फ्लोरिडातल्या एका हॉस्पिटलने मेंदूला इजा झालेल्या मजुराला भाड्याच्या विमानाने ग्वाटेमालाला नेऊन सोडलं. त्याच्यावर दहा लाखांहून जास्त डॉलर खर्च झाले होते आणि त्याला घ्यायला एकही नर्सिंग होम तयार नव्हतं. त्याला पाठवायला परवानगी देणारा खालच्या कोर्टाचा आदेश वरच्या कोर्टाने पुढे चुकीचा ठरवला, तरी २००९ मध्ये ज्यूरीने हॉस्पिटलला जबाबदार धरलं नाही. ईआरचा दरवाजा कायद्याने उघडला जातो. नंतरच्या दीर्घ शुश्रूषेसाठी कायदाही नाही आणि पैसाही नाही, म्हणून हे घडतं.

२०२५ मध्ये सरकार ठप्प झालं ते यावरूनच का?

प्रचार तसा झाला. १ ऑक्टोबरपासून ४३ दिवस चाललेल्या त्या शटडाऊनमध्ये डेमोक्रॅट्सची मुख्य मागणी मार्केटप्लेसची वाढीव सबसिडी चालू ठेवण्याची होती, आणि ती बेकायदा राहणाऱ्यांना मिळतच नव्हती. त्यांच्या प्रस्तावात जुलैमधल्या मोठ्या कायद्याने केलेली मेडिकेडची कपात रद्द करणंही होतं, आणि त्या कपातीत इमर्जन्सी मेडिकेडसाठी केंद्र देत असलेला वाटा कमी करण्याचं कलम होतं. एवढ्या धाग्यावर सगळा आरोप उभा राहिला. ते कलम ऑक्टोबर २०२६ पासून लागू होणारं आहे. त्यानंतरही एम्टाला तसाच राहणार, म्हणजे उपचार होणारच. फक्त काही रुग्णांच्या बाबतीत जिथे केंद्र ९० टक्के देत होतं, तिथे राज्याचा वाटा वाढणार.

या सगळ्यात भारतीय आहेत का?

भरपूर. प्यू रिसर्चच्या अंदाजात २०२२ मध्ये बेकायदा राहणारे भारतीय सुमारे सव्वासात लाख होते, मेक्सिको आणि एल साल्वाडोरनंतर तिसऱ्या क्रमांकावर. अमेरिकेच्याच सरकारी अंदाजात संख्या बरीच कमी आहे. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकी लष्कराचं विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं तेव्हा हरियाणा, गुजरात, पंजाबच्या लोकांबरोबर तिघं महाराष्ट्राचेही होते. ‘ते लोक’ म्हणून बोलताना हे लक्षात असू द्यावं. व्हिसा संपूनही राहिलेल्यांत आपल्या ओळखीचं कुणी असू शकतं.

भारतात असा कायदा आहे का?

सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सांगितलं, की सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरने आधी जीव वाचवायचा. अंमलबजावणी कशी होते ते आपण जाणतो. एप्रिल २०२५ मध्ये पुण्यात एका गरोदर बाईकडे लाखोंचं डिपॉझिट मागितल्याच्या आरोपावरून सगळा महाराष्ट्र पेटला होता. तिथे स्थलांतराचा काही संबंध नव्हता.

आई-बाबा व्हिजिटर व्हिसावर आले आहेत. त्यांना ईआरमध्ये घेतील का?

घेतील. एम्टाला त्यांनाही लागू आहे. छातीत दुखत असेल तर इन्शुरन्सच्या विचाराने एक मिनिटही दवडू नका, ९११ लावा. इमर्जन्सी मेडिकेड मात्र मिळत नाही, कारण ते त्या राज्याचे रहिवासी धरले जात नाहीत. म्हणून निघण्यापूर्वी इन्शुरन्स घ्या, आणि ‘फिक्स्ड बेनिफिट’ नको, ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ घ्या. पहिल्या प्रकारात दिवसाला ठरावीक रक्कम मिळते, आणि अतिदक्षता विभागाच्या बिलापुढे ती कुठल्या कुठे जाते. जुन्या आजाराचा अचानक भडका उडाला तर कव्हर आहे का, हे कलम वाचल्याशिवाय पैसे भरू नका. बायपास झालेल्या बाबांसाठी तेच एक कलम महत्त्वाचं.

आणि ग्रीन कार्डवर आलेले असतील तर?

बहुतेक राज्यांत त्यांना मेडिकेडसाठी पाच वर्षं थांबावं लागतं. पासष्टच्या पुढे असतील तर सलग पाच वर्षं राहिल्यावर मेडिकेअर विकत घेता येतं. तोवर मार्केटप्लेसवरची पॉलिसी हा मार्ग. मधल्या काळात उत्पन्न कमी असेल आणि काही गंभीर झालं, तर ज्या इमर्जन्सी मेडिकेडवरून एवढा वाद चाललाय, तेच त्यांनाही लागू होऊ शकतं. दाखल असतानाच हॉस्पिटलच्या फायनान्शियल कौन्सेलरला भेटा.

बिल आलं आणि भरणं शक्य नसेल तर काय करायचं?

घाबरून क्रेडिट कार्डावर टाकू नका. आधी तपशीलवार बिल मागा आणि प्रत्येक ओळ बघा. न झालेली तपासणी किंवा दोनदा लावलेली फी सापडते. ना-नफा हॉस्पिटलांना २०१० च्या कायद्याने लेखी आर्थिक मदत धोरण ठेवावंच लागतं. त्याचा अर्ज मागा. बरीच हॉस्पिटलं त्यासाठी नागरिकत्व बघत नाहीत, उत्पन्न आणि राहण्याचं ठिकाण बघतात. पहिलं बिल आल्यापासून २४० दिवसांपर्यंत हा अर्ज करता येतो. तोवर कलेक्शन एजन्सीचा फोन आला तरी अर्ज करायचा हक्क जात नाही. डॉक्टर, ॲम्ब्युलन्स आणि लॅब यांची बिलं वेगळी येतात, त्यांच्याशी वेगळं बोलावं लागतं, आणि प्रत्येक फोनची तारीख आणि बोललेल्या माणसाचं नाव वहीत लिहून ठेवावं.